आत्याचा नंबर

आत्याला स्वस्थ बसवत नसे, आणि नेमकं बसण्यावाचून तिला दुसरी गत नव्हती. लहानपणी एका तापात दोन्ही पाय गेले ते गेलेच. पण पायांतली सगळी चुळबुळ वर सरकून हातांत मुक्कामाला आली. तिच्या चाकाच्या खुर्चीला उजव्या बाजूला ब्रेकचा दांडा होता. तो ती दिवसभर लावायची आणि सोडायची. खट, खट. बोलताना, ऐकताना, फोनवर, नुसतं खिडकीबाहेर बघताना. त्या आवाजावरून घरातल्यांना तिचा नूर कळायचा. वडील होते तोवर ते तिला भिंगरी म्हणायचे. आता त्या नावाने हाक मारणारा एकटा मोठा भाऊ उरला होता. बाकी भाचरं, दुकानातली गिऱ्हाइकं, समोरचा चावीवाला, झाडून सगळे तिला आत्याच म्हणत.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. तिथे ती कपडे दुरुस्त करून द्यायची. नवं काही शिवत नसे. पँट आखूड करायची, चेन बदलायची, बारीक झालेल्याचा कोट आत घ्यायचा आणि जाड झालेल्याचा काही न बोलता सैल करायचा. शिलाई मशीनचं पायाने दाबायचं पॅडल तिने टेबलावरच ठोकून घेतलं होतं आणि ते ती डाव्या कोपराने दाबायची. पहिल्यांदा आलेलं गिऱ्हाईक ते बघून अवाक व्हायचं आणि काहीतरी कौतुकाचं बोलायचं. दुसऱ्यांदा आलं की त्याचं लक्ष फक्त चेन नीट बसलीय की नाही याच्याकडे. आत्याला ही दुसऱ्यांदा येणारी माणसं जास्त आवडायची. गळ्यात मापाची टेप कायम लटकलेली असे. जेवताना असे, आजारपणात असे, लग्नकार्यातही वहिनीने आठवण करून दिल्याशिवाय उतरत नसे.

वर्षातून एकदा सगळं घर शहराबाहेरच्या पार्कात जायचं. तिथे उंच पाळणे होते, पाण्याच्या घसरगुंड्या होत्या, आणि सगळ्यांत मागे ती प्रचंड रोलर कोस्टर. घरात तिला नुसतं 'मोठी गाडी' म्हणत. या ट्रिपच्या आठवड्यात आत्याचा भाव एकदम वधारायचा. एरवी वर्षभर 'आत्या कशा आहेत' असं न विचारणारे नातेवाईक फोन करून 'आत्या येतायत ना' असं विचारायचे. वहिनीची बहीण तर आपली पोरंही याच दिवशी धाडायची. कारण सरळ होतं. राइडच्या रांगा वळणावळणाच्या कठड्यांमधून जात, आणि त्या वळणांवर चाकाची खुर्ची अडकायची. म्हणून खुर्चीवाल्यांना बाहेर पडायच्या दाराने उलटं आत घेत, आणि बरोबरच्यांनाही त्यांच्याबरोबर. बाकीची दुनिया उन्हात तासभर उभी, आणि आत्याचं लटांबर थेट गाडीपाशी. आत्या म्हणजे आमचा पास, असं भाचा लहानपणी वर्गात सांगून आला होता. सगळे हसले होते. आत्याही हसली होती.

वर पोचलं की गाडी चालवणारा माणूस विचारायचा, "या बसणार का?"

"नाही नाही, त्या इथेच थांबतात," भाऊ सांगायचा.

मग आत्याच्या मांडीवर सगळ्यांचे चष्मे यायचे, टोप्या यायच्या, फोन, पर्स, कधी अर्धं खाल्लेलं आइस्क्रीम. ते सांभाळत ती दाराजवळ थांबायची. गाडी निघताना तिला फक्त आपल्या माणसांच्या पाठी दिसायच्या. परत आली की सगळे हसत, धापा टाकत, एकाच वेळी बोलत उतरायचे आणि आपापला चष्मा उचलून घ्यायचे. आत्या ब्रेक सोडायची, आणि वरात पुढच्या राइडकडे निघायची.

तर यंदा ट्रिपच्या आधी महिनाभर एकदा जेवताना भाऊ म्हणाला, "हे शेवटचं हं. थोरली शिकायला बाहेरगावी चालली. धाकट्याला आपल्याबरोबर यायची लाज वाटते. पुढच्या वर्षी कोण कशाला जातंय?"

थोरलीने मान हलवली. धाकट्याने फोनमधून डोकं वर न काढता होकार दिला. आत्याला कुणी विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. आत्याचा घास मात्र तोंडातच फिरायला लागला. इतकी वर्षं ती त्या मोठ्या गाडीपर्यंत जात आली होती. त्या गाडीच्या सीटवरचा दांडा खाली येतानाचा आवाज तिला पाठ होता. आणि एकदाही, एकदाही ती त्यात बसली नव्हती. पुढच्या वेळी बघू, असं मनाशी म्हणत तिने सगळी वर्षं घालवली होती. आता पुढची वेळच संपली. यंदा नाही तर कधीच नाही, हे तिला इतकं स्वच्छ दिसलं की तिने ताट बाजूला सारलं.

भावाला सांगावं, तर तो नाही म्हणणार. तेही रागाने नाही, मायेने. रागाने नाही म्हटलं तर भांडता तरी येतं. मायेने म्हटलं की आपलंच तोंड बंद होतं. म्हणून तिने कुणालाच सांगितलं नाही.

दुपारी दुकान बंद असताना तिने सराव सुरू केला. गाडीची सीट खुर्चीपेक्षा खोल असते हे तिने बघून ठेवलं होतं. मापं घेण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतंच. चिंध्या भरायची जुनी लोखंडी पेटी तिने खुर्चीशेजारी ओढून घेतली. खुर्चीचा हात काढायचा, एक तळवा पेटीवर, एक खुर्चीवर, अंग उचलायचं आणि झोकून द्यायचं. मग पाय एकेक करून हाताने आणायचे. पहिल्या आठवड्यात दंड इतके भरून आले की कात्री धरवेना. एकदा पेटी सरकली आणि आत्या थेट जमिनीवर, दोऱ्यांच्या गुंत्यात. तिथे ती बसून राहिली ती वहिनी बाजारातून येईपर्यंत.

वहिनी म्हणजे आडव्या बांध्याची, कमी बोलणारी बाई. तिने पिशव्या ठेवल्या, आत्याच्या काखेत हात घातले आणि एका दमात उचलून खुर्चीत ठेवलं.

"खाली कशाला गेला होतात, वन्सं?"

"सुई पडली होती."

वहिनीने पेटीकडे बघितलं. मग काढून ठेवलेल्या खुर्चीच्या हाताकडे बघितलं. "सापडली का?" एवढंच विचारलं आणि पिशव्या घेऊन आत गेली.

ट्रिपच्या दिवशी आत्या सगळ्यांच्या आधी तयार होती. वाटेत गाडी चालवताना भाऊ म्हणाला, "भिंगरे, ती खटखट बंद कर, माझं लक्ष जातंय." भाऊ शहर बसचा ड्रायव्हर. आयुष्यभर स्टिअरिंग त्याच्या हातात. आत्याने दांड्यावरचा हात काढला आणि टेप गुंडाळायला घेतली.

पार्कात पोचले, तर सगळं बदललेलं. मोठ्या गाडीखाली एक नवी खिडकी झाली होती आणि आत टोपी घातलेली एक मुलगी बसली होती.

"नियम बदललेत, काका," ती भावाला म्हणाली. "धडधाकट माणसं खुर्च्या भाड्याने आणून पुढे घुसायला लागली होती. आता कार्डावर वेळ लिहून देतो. रांग जेवढ्या वेळाची, तेवढा वेळ बाहेर सावलीत थांबायचं, मग बाजूच्या दाराने वर."

"म्हणजे थांबायचंच? मग यांना फायदा काय?"

"फायदा नाही, सोय आहे. कठडे चुकतात ना." तिने कार्डावर वेळ लिहिली. "आणि कार्ड ज्यांच्या नावावर, त्यांनी बसायलाच हवं. त्या बसल्या तरच बरोबरचे."

भावाच्या कपाळावर आठी चढली. आत्याने मात्र दोन्ही चाकं घट्ट धरली. बसायलाच हवं. हे वाक्य तिच्यासाठी कुणी आजवर उच्चारलं नव्हतं.

"बसतील ना, बसतील," भाऊ म्हणाला आणि कार्ड घेतलं. मग सगळ्यांना एका झाडाखाली नेऊन आवाज खाली आणला. "हे बघ भिंगरे. आपण वर जायचं. वर गेल्यावर तू फक्त म्हणायचं, चक्कर आल्यासारखं वाटतंय. बास. आम्ही आत आलेलोच असणार, ते काय परत पाठवतात होय? तू आपली आरामात थांब नेहमीसारखी."

"बाबा, हे चीटिंग आहे," भाचा म्हणाला.

"चीटिंग नाही, नियोजन आहे. म्हण बघू एकदा."

"चक्कर आल्यासारखं वाटतंय," आत्या म्हणाली.

"असं खणखणीत नाही. जरा दम लागल्यासारखं. आणि हात असा कपाळाला लाव." त्याने स्वतः करून दाखवलं. थोरली दुसरीकडे बघायला लागली. वहिनीने पर्समधून रुमाल काढला, घडी मोडली, पुन्हा घातली.

तो तास आत्याला खायला उठला. बाकावर सावली होती, पंखा होता, सगळं होतं. पण दर थोड्या वेळाने डोक्यावरून गाडी धडधडत जायची, खांब थरथरायचे, आणि माणसांच्या किंकाळ्या अंगावर पडायच्या. खट, खट, खट. ती पाणी प्यायली. पाणी प्यायली म्हणून तिने बाथरूम शोधलं. खुर्चीचं चित्र लावलेल्या बाथरूममध्ये पार्काच्या बादल्या, झाडू आणि फुटका पंखा ठेवला होता. बादल्या ओढून जागा करण्यात थोडा वेळ गेला ते बरंच झालं. बाहेर येऊन ती कठड्याला लागून चकरा मारत राहिली. रांगेतली माणसं एकमेकांना खाऊ देत होती, एकमेकांची पोरं धरत होती. एक आजोबा मागच्या बाईला आपल्या मुतखड्याची हकीकत सांगत होते, आणि ती मन लावून ऐकत होती. आत्याला नवल वाटलं. तिला कायम सगळीकडून पुढे काढलेलं, त्यामुळे रांगेत ओळखी कशा होतात हे तिला ठाऊकच नव्हतं.

मन मात्र हेलकावे खात होतं. सांगून टाकावं का दादाला? नकोच. दंडांनी साथ दिली नाही तर? मधेच लटकले, तर एवढ्या लोकांसमोर कोण काय करणार? त्यापेक्षा म्हणावं का तेच, चक्कर? सोपं होतं. आपोआप तोंडात आलं असतं. आणि मग पुन्हा मांडीवर ते चष्मे. नाही. ती परत फिरली, परत आली.

तिची चुळबुळ तिची तिला, पण आज भाऊही एका जागी ठरत नव्हता. सारखा घड्याळ बघत होता, तळवे पँटला पुसत होता, लघवीला म्हणून जाऊन जाऊन येत होता. आपलं नियोजन फसेल म्हणून घाबरलाय, असं आत्याने धरलं.

वेळ झाली. भाच्याने खुर्ची चढावरून वर ढकलली आणि सगळे बाजूच्या दाराने आत गेले. गाडी रिकामी उभी होती. चालवणारी बाई अर्धवट पिकल्या केसांची होती, गळ्यात शिट्टी. तिने कार्ड बघितलं आणि भावाकडे न बघता आत्याकडे बघितलं.

"तुम्हाला स्वतःहून सीटवर जाता येईल? आम्हाला उचलायची परवानगी नाही."

भावाने भुवया उडवल्या. त्याने हळूच स्वतःच्या कपाळाला हात लावून दाखवला.

"येईल," आत्या म्हणाली.

"काय येईल?" भाऊ म्हणाला.

"जाता येईल. मी बसणारे, दादा."

भावाच्या चेहऱ्यावरून एकदम कायकाय गेलं. तो काही बोलायच्या आत त्या बाईने पुढचा प्रश्न विचारला. "आणि वर गाडी अडकली तर? कधीमधी अडकते. मग कडेच्या जिन्याने पायी उतरावं लागतं. तुम्हाला कोण उतरवणार?"

हे आत्याला माहीत नव्हतं. महिनाभर तिने पेटीचा विचार केला होता. सीटची खोली, दांड्याची जागा, सगळं मापून ठेवलं होतं, आणि वरचा जिना तिच्या डोक्यातच आला नव्हता. जिन्याचा विचार करायची तिला आयुष्यात सवयच नव्हती. जिना दिसला की ती वळायची. तिचे हात चाकांवरून खाली ओघळले. कठड्यापलीकडे रांगेतली माणसं माना उंचावून बघत होती. कुणीतरी चुकचुकलं. बाई काही वाईट नव्हती. ती नुसती उत्तराची वाट बघत होती.

"झालं," भाऊ हळू आवाजात म्हणाला. "राहू दे, भिंगरे. उगाच कशाला."

"मी उतरवीन," मागून वहिनी म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं. वहिनी पर्सचा पट्टा डोक्यातून काढत होती.

"तू?" भाऊ म्हणाला.

"मग कोण? पाठीवर घेईन. शेजारच्या म्हातारीचा गॅसचा भरलेला सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर कोण नेतं, तुम्ही?" मग ती त्या बाईकडे वळली. "वन्सं आणि मी शेजारी बसतो. काही झालं तर मी आहे."

बाईने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. बहुतेक तिचंही माप घेण्यात आयुष्य गेलं असावं, कारण तिने लगेच मान हलवली. "या. ते गळ्यातलं तेवढं काढा."

आत्याने टेप काढली आणि भावाच्या हातात दिली. खुर्ची सीटला भिडवली. ब्रेक लावला, या वेळी एकदाच. खुर्चीचा हात काढला, तळवे टेकले, आणि अंग उचललं. एक क्षण ती खरंच मधे लटकली, आणि कठड्यापलीकडचं कुजबुजणं थांबलं. मग तिने स्वतःला झोकून दिलं. सीट आधीच्या माणसाच्या अंगाने कोमट झाली होती. एक पाय आत घेतला, मग दुसरा. वहिनी शेजारी येऊन बसली तशी सीट हलली. भाचरं पुढच्या रांगेत चढली.

भाऊ मात्र खालीच उभा. मागची सीट त्याच्यासाठी रिकामी होती.

"बाबा, या ना."

"मला," भाऊ म्हणाला आणि थांबला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मला चक्कर आल्यासारखं वाटतंय."

"आता कशाला बाबा? आत्या बसली की."

"नाही रे. खरंच."

त्याचा हात कपाळाला होता, झाडाखाली दाखवला होता तसाच. फरक एवढाच, की या वेळी दम खरा लागला होता. शिट्टीवाल्या बाईने इकडेतिकडे बघितलं. तिथे बसण्यासारखी एकच वस्तू होती. "बसा त्याच्यात," ती म्हणाली. भाऊ आत्याच्या खुर्चीत बसला. लगेच थोरलीने आपला चष्मा त्याच्या मांडीवर ठेवला, भाच्याने टोपी आणि फोन, वहिनीने पर्स.

दांडे खाली आले. आत्याला पाठ असलेला तो आवाज या वेळी तिच्याच छातीवर झाला.

"हे दरवर्षी डोळे गच्च मिटून बसतात," वहिनी समोर बघत म्हणाली. "माझ्या मनगटात नखं रुततात त्यांची. गाडी दुसऱ्याच्या हातात असली की जीव जातो त्यांचा. पण तुम्ही बघत असता ना, मग बसावंच लागतं."

आत्याला आजवर फक्त पाठी दिसल्या होत्या. तिने मान वळवली. तिच्या खुर्चीत तिचा मोठा भाऊ एवढासा होऊन बसला होता, मांडीवर सगळ्यांचं सामान, हाताला गुंडाळलेली टेप. गाडी हलली.

चढ सुरू झाला तशी आत्या घाबरली. साधीसुधी नाही, चांगलीच घाबरली. उतरू द्या म्हणावंसं वाटलं. हात दांड्याला असे चिकटले की आयुष्यात पहिल्यांदा ते काहीच करत नव्हते. वर टोकाला गाडी जराशी थबकली. कडेला तो जिना दिसला, अरुंद आणि जाळीचा. तिने वहिनीकडे बघितलं. वहिनीनेही जिना बघून घेतला आणि मान हलवली.

मग खालची जमीनच गेली. आत्या ओरडली की वहिनी, ते कळलं नाही. कळलं ते एवढंच, की तिचे पाय उठले. तिने स्वतः डोळ्यांनी बघितलं. तिचे ते बूट, जे वर्षानुवर्षं नवेच्या नवे राहत, ते सीटवरून वर आले आणि हवेत झुलायला लागले, पुढच्या रांगेतल्या भाच्याच्या पायांसारखेच. पाय काही तिचं ऐकत नव्हते. पण तिथे वर कुणाचेच पाय कुणाचं ऐकत नव्हते. आत्या रडायला लागली, हसायला लागली, आणि तोंडात वारा गेल्यामुळे दोन्ही अर्धवटच राहिलं.

गाडी परत आली तेव्हा भाऊ होता तिथेच होता. त्याच्या हातात कुणीतरी दिलेली पाण्याची बाटली होती.

"रांगेतल्या एका बाईने दिली," तो पुटपुटला. "तुमच्याबरोबर कुणी नाही का, विचारत होती. तेही मला नाही, त्या शिट्टीवालीला. मी इथे बसलोय आणि माझ्याबद्दल तिला विचारतेय." मग थोडं थांबून म्हणाला, "लोक कसे बघतात गं."

"ऊठ," आत्या म्हणाली. "माझी खुर्ची आहे."

तो उठला. परत खुर्चीत यायला तिला आधी जमेना. दंड पार गेले होते. भावाने हात पुढे केला, मग विचारलं, "धरू का?" ती म्हणाली, "कोपराला धर." त्याने कोपराला धरलं.

खाली उतरल्यावर सगळे एकाच वेळी बोलत होते, आणि या खेपेला आत्याचा आवाज सगळ्यांच्या वर होता. वहिनीने घड्याळ बघितलं. भाचा म्हणाला, आता काहीतरी खाऊ आणि निघू.

"मला परत बसायचंय," आत्या म्हणाली.

"परत?" भाऊ म्हणाला. "अगं, परत तासभर थांबावं लागेल."

"थांबीन. वहिनी, याल ना?"

"पोटात चार घास गेले की येते," वहिनी म्हणाली आणि मुलांना घेऊन चालायला लागली. जाताना नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही थांबा यांच्याजवळ."

भाऊ खिडकीपाशी जाऊन कार्डावर नवी वेळ लिहून घेऊन आला. मग आत्याच्या शेजारी बाकावर बसला. डोक्यावरून गाडी धडधडत गेली, तशी त्याने मान खाली घातली. आत्याच्या हाताला चाळा हवा होता.

"टेप दे माझी," ती म्हणाली.

भावाने हाताला गुंडाळलेली टेप बघितली आणि आणखी एक वेढा घातला.

"राहू दे माझ्याकडे," तो म्हणाला. "नाहीतरी तासाभराने परत मलाच सांभाळायचीय."